दोनशे ग्रॅमचा तुकडा

मामाजी, शेडमधला राइस मिलचा पंखा तुम्ही ठेवून गेलात तसाच दोन रुळांवर आहे. दुपारी तलावाकडून वारा आला की तो आपला आपण हलतो, थोडा फिरतो आणि जड बाजू खाली घेऊन थांबतो. मी चौकटीत उभी राहून बघत असते. तुम्ही गेलात त्याला आज सोळा दिवस झाले. या सोळा दिवसांत त्याचं थांबणं एकदाही बदललेलं नाही, तेच पातं खाली आणि तेच वर. वरच्या पात्यावर तुम्ही चिकटवलेला मातीचा गोळा वाळून पांढरा पडलाय. त्याला चिरा गेल्यात, आणि त्यावर तुमच्या अंगठ्याचा ठसा आहे.

तेरवीला माणसं आली, जेवली, गेली. राइस मिलवाले तर सिंदेवाहीपासून आले होते. मिस्त्रीचा हात लागला की पंखा गप फिरतो, असं जो तो सांगत होता. गेलेल्या माणसाबद्दल कोणी वाईट बोलत नाही, त्यामुळे तुमच्या हट्टीपणाचा विषयच निघाला नाही. ते काम सुनेवर आलंय असं समजा. पण त्याआधी मला एक गोष्ट सांगायची आहे. नऊ वर्षं ती सांगायची राहिली. रोज तुमच्यासमोर बसून चहा प्यायले, हिशेब केले, भांडले, आणि ही एकच गोष्ट गिळत राहिले. तुम्ही असताना तोंड उघडलं नाही आणि आता उघडतेय, हा माझा शहाणपणा.

लग्न होऊन मी मूल गावात आले तेव्हा तुम्ही माझ्याशी बोलत नव्हतात. राग नव्हता, रीत होती. सासऱ्यानं सुनेशी थेट बोलायचं नाही, सुनेनं समोर यायचं नाही. मी चंद्रपूरला, वीजकेंद्राच्या ऊर्जानगर वसाहतीतल्या क्वार्टरमध्ये वाढलेली. आमच्याकडे कोणीही कोणाशीही बोलायचं, तेही मोटारसायकल चालू ठेवून. इथे तुम्ही तीन हातांवर बसून माझ्या सासूबाईंना, आत्याबाईंना, म्हणायचात, "तिले इचार, चा झाला का?" आत्याबाई मान वळवायच्या, "झाला का?" मी आत्याबाईंना सांगायची, झाला. त्या परत वळायच्या, "झाला मनते." तोवर चहा निवायचा. एकदा आत्याबाई बाजारात गेल्या होत्या. अंगणात वाळवण होतं आणि आभाळ भरून आलं. तुम्ही काय करावं? तुम्ही शेडमधल्या पंख्याला सांगितलंत, "पानी येऊन राह्यला, वारवन उचलाले पाह्यजे." मी पंख्याला हो म्हटलं आणि वाळवण उचललं. संध्याकाळी विलासला हे सांगितलं तर तुमचा हा मुलगा पोट धरून हसला, पण तुमच्यासमोर हसायची त्याचीही टाप नव्हती.

आपली ओळख या पंख्यांमुळेच झाली. मी पदर सावरत आतून बघायची. तुम्ही पंखा दांड्यासकट दोन रुळांवर ठेवायचात आणि हात काढून घ्यायचात. पंखा जड बाजू शोधत खाली जायचा. मग तुम्ही वरच्या पात्यावर तलावाची चिकण माती लावायचात, चिमूटभर, मग आणखी चिमूटभर. असं करत करत एक क्षण यायचा, की पंखा कसाही फिरवून सोडला तरी तो तिथेच थांबायचा. कुठेच जायचं नाही त्याला. तुम्ही म्हणायचात, "आता हा समाधानी झाला." मग माती ओली आहे तोवरच ती खरवडून तोलायची, कारण वाळली की तिचं वजन कमी होतं. तेवढंच लोखंड कापायचं आणि त्या जागी पक्कं करायचं. मी चार वर्षं इंजिनिअरिंग कॉलेजात हेच शिकले होते, पण यंत्र समाधानी होतं हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

पहिलं भांडण आत्याबाईंमार्फतच झालं. तुम्ही म्हणालात, "तिले इचार, कालेजात हे शिकोते का?" मला राहवलं नाही. मी म्हटलं, त्यांना सांगा, वजन गुणिले मध्यापासूनचं अंतर गुणिले वेगाचा वर्ग. आत्याबाई म्हणाल्या, "मी हे नाई सांगत बाप्पा, तुमचं तुमी पाहा." मग मी कागदावर लिहून कागद सरकवला. पन्नास ग्रॅमचा तुकडा, म्हणजे एक लहानसा लाडू. मध्यापासून एक फूट लांब. मिनिटाला चौदाशे चाळीस फेरे. त्या वेगात तो लाडू पस्तीस किलोनं ओढतो. तुम्ही कागद वाचलात, पंख्याकडं पाहिलंत, पुन्हा कागद वाचलात. "तिले इचार, पन्नास ग्राम पस्तीस किलो होते तं हे थांबल्यावर कुठी जाते?"

या प्रश्नाचं बरोबर उत्तर मला येत होतं. पण तुम्ही विचारलात तसा तो मला कोणी विचारला नव्हता, म्हणून मी कागद घडी करून ठेवून दिला.

मग राइस मिलवाल्या दादाजीभाऊंचा पंखा आला. तांदळाचं तूस ओढणारा तो पंखा. तूस दिसायला हलकं, पण कानशीसारखं लोखंड खातं. एक पातं निम्मं झिजलं होतं. तुम्ही त्याला ठिगळ जोडलंत, ती बाजू जड झाली, आणि समोरच्या बाजूला दोनशे ग्रॅमचा तुकडा लावायचा ठरला. पत्रा इतका पातळ झाला होता की वेल्डिंगनं जळला असता, म्हणून बोल्ट लावायचा होता. तुमचं म्हणणं दोन बोल्ट. माझं म्हणणं एक. एका जास्तीच्या भोकानं पातं आणखी कमजोर होईल, आणि हिशेबानं तुकडा एकशे चाळीस किलोनं ओढतोय, सहा एमएमचा एक बोल्ट त्याच्या तिप्पट सहन करतो. हे मी विलासमार्फत कळवलं. तुम्ही बराच वेळ कागद हातात धरून होतात. पहिल्यांदाच घरातल्या कोणीतरी तुमच्या कामात आकडे घातले होते. मला वाटतं, तुम्हाला त्याचं कौतुकही वाटलं असावं. तुम्ही एकच बोल्ट लावलात.

दुसऱ्या दिवशी सकाळी पंखा मिलमध्ये बसवायचा होता. तुम्ही अंगणात चपला घालत होतात. मी स्वयंपाकघराच्या दाराआड भांडी पुसत होते. आणि तुम्ही आत्याबाईंना म्हणालात, "तिले सांगजो, मोटारीचे फेरे धरले का पंख्याचे? पट्टा पाहून घे मनावं." थोडं थांबलात. मग पुन्हा, जरा मोठ्यानं, "पट्टा पाहून घे मनावं."

मी ऐकलं, मामाजी.

हीच ती गोष्ट. मी दाराआड होते, हातात पितळी होती, आणि तुमचा शब्द न शब्द मी ऐकला. मी मोटारीवरच्या पाटीचे फेरे धरले होते. पंखा थेट मोटारीवर नाही, पट्ट्यानं फिरतो, आणि मोठ्या पुलीवरून लहान पुलीवर पट्टा गेला की पंख्याचे फेरे वाढतात, हे मला माहीत नव्हतं असं थोडंच आहे? मिलमध्ये जाऊन वाकून बघायला दोन मिनिटं लागली असती. पण मला राग आला. चौथी शिकलेला माणूस मला फेरे शिकवतो, असं वाटलं. आणि रीत माझ्या बाजूनं होती. निरोप आत्याबाईंना दिलेला होता, मला नाही. आत्याबाई येऊन सांगतील तेव्हा बघू, असं मी मनाशी म्हटलं. आत्याबाई आल्या नाहीत. मी पितळी पुसून फडताळात ठेवली.

विलासच्या गाडीवर बसून मी मिलमध्ये गेले. माझा हिशेब फिरताना बघायचा होता मला. तुम्ही नेहमीप्रमाणे बेअरिंगवर पाण्याचा पेला ठेवलात. पाणी हललं नाही तर काम चोख, ही तुमची परीक्षा. दादाजीभाऊंनी खटका दाबला. पंख्याचा आवाज चढत गेला, चढत गेला, आणि मला कळलं की हा आवाज चौदाशे चाळीसचा नाही. तेवढंच कळायला वेळ मिळाला. पेला खाली पडला. झिजलेलं कवच फोडून काहीतरी वर गेलं आणि छपराच्या पत्र्याला भोक पडलं. मग कोणीतरी खटका बंद केला. पंखा थरथरत, ठेचकाळत बराच वेळ थांबत राहिला. भोकातून ऊन आलं होतं. रुपयाएवढा कवडसा माझ्या पायापासून हातभर अंतरावर पडला होता.

फेरे दुप्पट झाले तर ओढ दुप्पट होत नाही, चौपट होते. हे मी तंत्रनिकेतनात शिकवताना दर वर्षी फळ्यावर लिहिते, खाली दोन रेघा मारते. एकशे चाळीसच्या जागी साडेपाचशे किलो. तो तुकडा वर न जाता आडवा आला असता तर हे लिहायला मी नसते.

तुम्ही माझ्यासमोर येऊन उभे राहिलात. रीत, पदर, आत्याबाई, सगळं बाजूला राहिलं. "बाई, तुले लागलं तं नाई?" तुम्ही माझ्याशी बोललेलं ते पहिलं वाक्य. मी मान हलवली. दादाजीभाऊ ओरडत होते, हिशेब कोणी केला, बोल्ट एकच का. तुम्ही त्यांच्याकडं न बघता म्हणालात, "माहा हात चुकला." मी तिथे होते. तोंडात जीभ होती. मी काही बोलले नाही.

घरी आल्यावर तुम्ही कपाळाला हात लावून बसलात. "मीच तोंडानं सांगतलो असतो तं हे झालं नसतं." आत्याबाई चुलीपुढून म्हणाल्या, "मीच सांगाले इसरली." दोन म्हातारी माणसं माझी चूक आपसात वाटून घेत होती आणि मी भात वाढत होते. त्या रात्रीच नव्हे, पुढे कित्येक दिवस मला अन्न गोड लागलं नाही. पण सांगितलंही नाही. एक दिवस गेला की दुसऱ्या दिवशी सांगणं दुप्पट नाही, चौपट जड होतं. हा वर्गाचा नियम कुठल्या पुस्तकात नाही, पण मी त्याची साक्षीदार आहे.

तुम्ही दोन दिवस मिलच्या मागच्या धानाच्या बांध्यांमध्ये तो तुकडा शोधत होतात. धान कापून झालं होतं, धसकटांतून अनवाणी चालत होतात. मिळाल्यावर घरी आणलात, धुतलात आणि पाण्याच्या माठाच्या झाकणावर ठेवलात. माकडं झाकण उचलतात म्हणून वजन पाहिजे होतं, असं म्हणालात. नऊ वर्षं पाणी घेताना मी दिवसातून दहा वेळा तो उचलते. दोनशे ग्रॅम. हातात घेतला की काहीच वाटत नाही.

त्याच आठवड्यात तुम्ही स्वयंपाकघर आणि शेडच्या मधलं दार काढलंत. वाळवी लागली म्हणालात. त्याच्या फळीला चार पाय लावून शेडमध्ये टेबल केलंत आणि मला म्हणालात, "इथी बसून हिसाब कर. समोर बसून बोलू." तेव्हापासून आपण बोलत राहिलो ते अगदी दवाखान्यातसुद्धा. गावात लोक नावं ठेवायचे, सासरा सुनेसोबत शेडमध्ये बसतो, सून सासऱ्याशी वाद घालते. तुम्ही म्हणायचात, "वाद घालाले अक्कल लागते, लोकायले कुठून येईन?"

तो गोफणीचा वाद मात्र तुम्ही अर्धा टाकून गेलात. मी म्हटलं होतं, बाहेर ओढणारं बल म्हणून खरं काही नाही. तुकड्याला फक्त सरळ जायचं असतं. त्याला धरून ठेवणारा बोल्ट आत ओढतो, म्हणून तो गोल फिरतो. बोल्ट तुटला की तो बाहेर नाही, सरळ जातो. तुम्हाला हे अजिबात पटलं नाही. तुम्ही मला शेताच्या धुऱ्यावर घेऊन गेलात. धान दुधात आलं होतं, पोपट उतरत होते. तुम्ही गोफणीत दगड घातलात आणि डोक्याभोवती फिरवायला लागलात. पासष्टाव्या वर्षी, लुंगी खोचून.

"हातात ओढ लागून राह्यली. हे बल नाई तं काय हाये?"

"ती ओढ तुमचीच आहे, मामाजी. तुम्ही दगडाला ओढताय."

"मी कायले ओढू त्याले? तोच मले ओढते."

"सोडा आता. बघा कुठं जातो."

तुम्ही दोर सोडलात. दगड सरळ गेला, समोरच्या मोहाच्या झाडाकडे, आणि पोपट उडाले. तुम्ही दगड गेला त्या दिशेला बराच वेळ बघत राहिलात. मला वाटलं, जिंकले. तेवढ्यात तुम्ही म्हणालात, "सरळ गेला, कबूल. पन माहा हात अजून दुखून राह्यला, ते कोनं दुखवलं?" मी हसत सुटले. उत्तर होतं माझ्याकडे, पण ते उत्तर तुमच्या खांद्याला पटलं नसतं. नंतर दर काही महिन्यांनी हा वाद निघायचा. शेवटचा दवाखान्यात निघाला. सलाईन लावलेला हात वर करून तुम्ही म्हणालात, "घरी गेल्यावर तुले पटवून देतो." ते राहिलं.

चंद्रपूरच्या तंत्रनिकेतनातून परत येताना बसमध्ये मला झोप लागते. सागाचं जंगल सुरू झालं की डोळे मिटतात. त्या झोपेत मला तो तुकडा दिसतो. तो पत्र्यातून बाहेर पडतो आणि खाली येतच नाही. उमा नदीवरून, तळ्या-बोड्यांवरून, पिवळ्या बांध्यांवरून अगदी सावकाश गडचिरोलीकडे सरकत जातो. त्याला कुणी आत ओढणारं नाही. खाली धुऱ्यावरून तुम्ही चालत असता, मान वर करून, हात डोळ्यांवर धरून. तुम्ही त्याच्याकडे बघता आणि माझ्याकडे बघता. मी सांगायला तोंड उघडते, तेवढ्यात कंडक्टर मूल मूल म्हणून ओरडतो. तुम्ही गेल्यापासून हे स्वप्न तीनदा पडलं. तिन्ही वेळा उठायला उशीर झाला आणि मी आमच्या फाट्याच्या पुढे उतरले.

परवा इथवर लिहिलं आणि दादाजीभाऊंचा फोन आला. धान येईल महिन्याभरात, पंखा लागतो. मिस्त्री गेले तर नागपूरला पाठवू का, असं विचारत होते. मी म्हटलं, नाही, मी करते. फोन ठेवला. रुळावरचा पंखा त्यांचाच आहे ना. नवा पंखा, जुनी मिल. शेडमध्ये जाऊन त्याच्यासमोर उभी राहिले. तुमच्या गोळ्याकडे बघत होते. वाळल्यामुळे आता तो तुम्ही लावला तेवढा जड नाही, आणि किती कमी झाला ते कळायला मार्ग नाही. रीतीप्रमाणे तो खरवडून टाकायचा आणि पहिल्यापासून ओली माती लावायची. मी पातं धरलं, पातळ सुरी लावली, आणि काढून घेतली. अंगठ्याच्या ठशावरून सुरी फिरवायला हात होईना.

आत्याबाई अंगणात लाखोळीची डाळ पाखडत होत्या. मी त्यांच्याजवळ जाऊन बसले. पंखा हातात घ्यायच्या आधी एका जिवंत माणसाला तरी हे सांगायलाच हवं होतं. नऊ वर्षं ही बाई आपण विसरलो म्हणून स्वतःला बोल लावून घेत होती.

"आत्याबाई, त्या दिवशी मामाजींनी पट्ट्याचं सांगितलं होतं ना तुम्हाला. तुमची चूक नाही. मी ऐकलं होतं. दाराआड होते मी."

सूप थांबलं नाही. "मालूम हाये," त्या म्हणाल्या.

मला वाटलं, त्यांना नीट कळलं नाही. मी पुन्हा सांगितलं.

"मालूम हाये मनलं ना बाई. तुह्या बांगड्या वाजल्या दारामांगं. नव्या नवरीच्या हातभर बांगड्या, मुक्या राह्यतीन का? मनून तं त्याईनं दोनदा सांगतलं. मले दोनदा कायले सांगतीन? मी का बहिरी हाये?"

"म्हणजे मामाजींना माहीत होतं?"

"त्याईले मालूम होतं तू आयकली. मले मालूम होतं तू आयकली. मंग मी उठून कायले सांगू?" त्यांनी डाळीतला एक खडा काढून बाजूला टाकला. "तुकडा उडला त्या दिवशी त्याईनं मले मना केलं. तिले कधी इचारू नोको मने. नवी हाये, अंगावर घेईन, मंग जलमभर आकड्याले हात नाई लावनार. मंग मी मनलं, मी इसरली."

मी तो खडा उचलला. मग काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, "आणि ते दार? त्याला तर वाळवी लागली होती ना?"

आत्याबाईंनी सूप मांडीवर ठेवलं आणि माझ्याकडं पाहिलं. "सागाच्या दाराले वाळवी? इंजिनेर हायेस तू."

मामाजी, मला तुमचा राग आला. खरं सांगते, रडू नंतर आलं, आधी राग आला. नऊ वर्षं मी समजत होते की मी तुमच्यापासून काहीतरी लपवतेय. केवढं ओझं वाहिलं मी त्याचं. आणि तुम्ही दोघं मला लपवू देत होतात, चहा पीत, डाळ पाखडत. त्याच दारावर कागद पसरून मी तुम्हाला आकडे शिकवत होते आणि तुम्ही मान डोलवत होतात. एकदा तरी म्हणायचं, बाई, मी तुझ्या बांगड्या ऐकल्या होत्या. वाद संपला असता. पण तुम्हाला वाद संपवायचे नव्हतेच, तुम्हाला समोर बसून कोणीतरी वाद घालणारं हवं होतं. तुमच्यासारखा सासरा मिळाला हे माझं भाग्य, आणि हे तुम्हाला तोंडावर सांगितलं असतं तर तुम्ही पंख्याकडं बघून म्हणाला असतात, हिले काय झालं इचार.

दुपारी तलावावरून माती आणली. तुमचा गोळा मी काढला नाही. त्याच्या शेजारी, त्याला टेकून, माझी ओली माती लावली. चिमूटभर, मग आणखी चिमूटभर. पंखा खाली जायचा, परत यायचा, जायचा. ऊन शेडमधून सरकत टेबलापर्यंत आलं. आणि मग मी तो फिरवून सोडला, तर तो तिथेच थांबला. उलटा सोडला, तिथेच थांबला. तलावाकडून वारा आला, थोडा हलला आणि हलला तिथेच राहिला. सोळा दिवसांनी पहिल्यांदा त्याला कुठे जायचं नव्हतं. मग सुरी फिरवली. तुमची वाळलेली माती आणि माझी ओली माती एकत्र तोलली. एकशे वीस ग्रॅम भरली. किती तुमची आणि किती माझी ते बघितलं नाही.

लोखंड कापायच्या आधी मिलमध्ये गेले. मोटारीवरची पाटी वाचली नाही. सरळ पट्ट्यामागे गेले, पदर खोचला, वाकले, पुलीला टेप लावला. मोटारीवर बारा इंच. पंख्यावर पाच. नऊ वर्षांपूर्वी तिथे सहाची होती, मी आठवणीवर भरवसा ठेवून सहाच धरणार होते.

"पुली कधी बदलली, दादाजीभाऊ?"

"मांगच्या हंगामात. वारा कमी पडे मनून. मिस्त्रीले सांगाचं राहून गेलं."

"जुनी लावा. त्याशिवाय पंखा देणार नाही."

"अवो बाई, तेवढ्यानं काय होते?"

मी वर छपराकडे बोट दाखवलं. भोक अजून आहे. दादाजीभाऊंनी ते कधी बुजवलं नाही, मिस्त्री त्या कवडशावर वेळ बघायचे, असं ते सांगतात. "त्या वेळी हात मामाजींचा चुकला नव्हता," मी म्हटलं. "हिशेब माझा होता. पट्टा बघ म्हणून त्यांनी सांगितलं होतं, मी बघितला नाही." दादाजीभाऊ माझ्याकडे बघत राहिले. मग पाना शोधायला गेले. जाता जाता पुटपुटले, "मिस्त्रीसारखीच हट्टी हाये."

आज पंखा बसवला. तुकडा एकशे वीस ग्रॅमचा, बोल्ट दोन, आठ एमएमचे. हा वाद तुम्ही जिंकलात. बेअरिंगवर तुमचा पेला ठेवला. खटका दाबायच्या आधी मी पुन्हा एकदा मागे जाऊन वाकून आले. आवाज चढत गेला, चढत गेला, आणि जिथे थांबायला हवा तिथे थांबला. पेल्यातलं पाणी हललं नाही. कवडसा माझ्या पायाशी होता. त्या आवाजात कोणाला काही ऐकू जाणार नव्हतं, म्हणून मी मोठ्यानं बोलले, तुमच्यासारखंच दोनदा.

"पट्टा पाहिला, मामाजी. पट्टा पाहिला."